तेवीस नंबरातला पलंग

लेम्युएल रास्कोसरांनी बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाच हाकलून दिलं, आणि तेही बटण दाबून. घरातून नव्हे, ग्रुपमधून. पण टारबेल गावात बातमी फिरली तेव्हा पहिलं वाक्य सगळ्यांनी सांगितलं आणि दुसरं कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे पुढचे दोन रविवार चर्चमधल्या बायका सर दिसले की मान फिरवत होत्या. ज्या घरातून अर्नेस्टीनबाईंना हाकललं अशी गावाची समजूत होती, त्याच घराच्या स्वयंपाकघरात त्या मात्र निवांत शेंगा सोलत बसलेल्या होत्या.

हे सगळं इस्पितळामुळे झालं. गावात एक इस्पितळ होतं. फार चांगलं होतं असं त्यात मरण पावलेलं कुणी म्हणणार नाही, पण बंद पडू पाहणारं हृदय पुन्हा चालू करायची सोय तिथे होती. त्या वसंतात ते इस्पितळच बंद पडलं. सरकारकडून येणारे पैसे थांबले, आणि ते थांबावेत म्हणून विधानसभेत ज्यांनी हात वर केला त्यांत आपल्याच भागाचे आमदारसाहेब होते. अर्नेस्टीनचं हृदय दोन वर्षांपासून आपल्या मर्जीनं चालत होतं. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रात्री एकट्या झोपत जाऊ नका. छातीत जरा काही वाटलं की मिस्टर रास्कोंना उठवा आणि ताबडतोब घेऊन या."

"कुठे?" अर्नेस्टीननं विचारलं.

डॉक्टर त्या वेळी भिंतीवरून आपली पदवी उतरवून खोक्यात ठेवत होते. सर्वांत जवळचं इस्पितळ आता सव्वा तासावर होतं.

सरांना उठवणं हे काही सोपं काम नव्हतं. दोन्ही कानांतली यंत्रं काढून डबीत ठेवली की सर या जगातून सुट्टी घेत. त्यांना जागं करायचा एकच उपाय बेचाळीस वर्षांत सापडला होता, आणि तो म्हणजे अर्नेस्टीनची थंडगार टाच त्यांच्या पोटरीला लावणं. ती टाच बाराही महिने बर्फासारखी असे. सर किंचाळत उठत. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी याबद्दल तक्रार केली होती. नंतर सवय झाली.

आता रास्कोसर म्हणजे निवृत्त उपमुख्याध्यापक. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं, आणि या विषयाचा एक धोका असा, की शिकणारा परीक्षेनंतर तो विसरतो पण शिकवणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो. मत दिल्यानं दुनियेतला कुठलाही आजार बरा होतो असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांनी मतदारसंघाचा नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. तेवीस नंबरचा मतदारसंघ टारबेलमध्ये सुरू होत होता, गावातून बाहेर पडताना हायवेइतकाच रुंद होऊन पन्नास मैल धावत होता, आणि मग थेट समुद्रकाठी जाऊन पसरत होता.

"कुत्र्यानं चघळून टाकलेली तंगडी दिसतेय," अर्नेस्टीन म्हणाली.

"अगं, मुद्दामच केलंय हे. आपल्यासारखी काळी माणसं एका जागी राहिली तर निवडून आणतील कुणाला तरी. म्हणून आपले तुकडे करायचे आणि एकेक तुकडा अशा ठिकाणी जोडायचा की तिथे तो बुडून जाईल."

"बरं, मग आता?"

"मग आता सगळे तुकडे एकत्र आणायचे."

अर्नेस्टीननं नकाशावरचं आपला कॉफीचा कप उचलला आणि ती आत गेली. सर एकत्र आणायला लागले की आवरायला तिलाच लागे.

एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन तास लागतात असा मतदारसंघ चौकात सभा घेऊन जागा होणार नव्हता. म्हणून ग्रुप. सरांनी एका बोटानं टंकलेखन करून त्याला नाव दिलं, 'तेविसाव्या मतदारसंघातील जागरूक व जबाबदार नागरिकांचे संघटन'. समोरच्या घरातले, चर्चचा कारभार बघणारे डीकन स्पायव्ही सल्ला द्यायला लगेच रस्ता ओलांडून आले. सल्ला द्यायचा असला की त्यांचा गुडघा दुखत नसे.

"ब्रदर रास्को, हे नाव वाचून होईपर्यंत मतदान संपेल. लहान काहीतरी ठेवा."

"मग काय ठेवू?"

"'तेवीस नंबर'. बास."

सरांनी ठेवलं. दोन दिवसांत ग्रुपात साठ माणसं आली. सरांचा ऊर भरून आला. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्यातली बहुतेक मंडळी लॉटरीचा आकडा मिळेल या आशेनं आलेली होती. सरांनी राज्यघटनेवर अकरा भागांत लेख टाकायला घेतला. पहिल्या भागाला तीन अंगठे मिळाले. एक डीकनचा, एक अर्नेस्टीनचा, आणि एक कुणाचा तरी चुकून लागलेला, जो त्या माणसानं पाच मिनिटांत काढून घेतला. लॉटरीवाले मात्र चिवट. ते रोज विचारत, "सर, आज काय वाटतं?"

मग एके शनिवारी अर्नेस्टीननं आपल्या पाउंड केकचा फोटो टाकला.

ती हा केक दर शनिवारी करायची. पातेलंभर लोणी, अंडी, साखर, आणि मधोमध एक ओलसर, कच्चट, पिवळा पट्टा. या पट्ट्याला तिकडे 'उदास पट्टा' म्हणतात. अर्धे लोक म्हणतात की भट्टीचं दार लवकर उघडलं की तो पडतो आणि बाईला केक येत नाही हे त्यावरून कळतं. उरलेले अर्धे त्याच पट्ट्यासाठी केक खातात. अर्नेस्टीननं फोटोखाली एवढंच लिहिलं, "हा मी मुद्दाम पाडते. कुणाला काही म्हणायचंय?"

म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांना म्हणायचं होतं. कुणी कुणाच्या आजीचा उद्धार केला, दोन चुलतबहिणींनी एकमेकींना ब्लॉक केलं, एका पाद्रीबाबांनी बायबलमधला दाखला दिला तो बहुधा लोण्याबद्दल नव्हता. समुद्रकाठच्या टोकाची माणसं, जी सरांना महिनाभर सापडत नव्हती, ती केकच्या वासानं आपोआप आली. रविवारपर्यंत ग्रुपात दोन हजारांवर माणसं झाली. सरांनी ही संधी साधून घटनेवरचा दुसरा भाग टाकला. त्याखाली एकानं, तिकडे मोठ्या बायकांना लग्नानंतरही म्हणतात तसं 'मिस' म्हणून, लिहिलं, "छान. पण मिस अर्नेस्टीन लोणी कोणतं वापरतात?"

सरांनी दोन दिवस तिसरा भाग टाकला नाही. अर्नेस्टीन म्हणाली, "अरे, जळतोस कशाला? माणसं आली ना?"

"केकसाठी आली."

"चर्चला तरी कशासाठी येतात? डीकन स्पायव्हीच्या प्रार्थनेसाठी?"

केकच्याच भांडणात डार्लीन गॅस्किल सापडली. समुद्रकाठच्या कोळीवस्तीतली, गोरी, कोळ्याची विधवा, तोंडाची फटकळ. तिनं लिहिलं होतं, "आमच्याकडे हा पट्टा कुणाच्या वाट्याला येतो त्यावरून भाऊभाऊ बोलायचे थांबतात. मी सव्वीस वर्षं नर्स होते. आमचं इस्पितळ तुमच्या आधी वर्षभर बंद झालं. गेल्या हिवाळ्यात एक बाई माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बाळंत झाली. केक चांगला दिसतोय." सरांनी हे चार वेळा वाचलं. मग त्यांनी ग्रुपची ऑनलाइन सभा बोलावली.

सभेबद्दल जितकं कमी सांगावं तितकं बरं. पहिली वीस मिनिटं सगळे 'ऐकू येतंय का' असं विचारत होते आणि ज्यांना येत होतं ते उत्तर देत नव्हते. एकजण मासे तळत होता. एका आजीबाईंचं फक्त कपाळ दिसत होतं. सर बोलायला लागले की त्यांच्या कानातली यंत्रं आणि कॉम्प्युटर मिळून अशी काही शीळ घालत की दोन गावांतली कुत्री भुंकायला लागली. शेवटी सरांनी कान काढून ठेवले आणि कुणाचंच काही ऐकू न येता अर्धा तास अध्यक्षपद भूषवलं. अर्नेस्टीन शेजारी बसून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवत होती: 'थांब', 'हसू नको', 'डार्लीन उभी राहते म्हणतेय'.

तर डार्लीन उभी राहिली. आमदारसाहेबांविरुद्ध बारा वर्षांत कुणी उभंच राहिलेलं नव्हतं, त्यामुळे ही मोठीच गोष्ट झाली. आणि सरांनी ग्रुपला नियम घालून दिला: सभासद तोच, जो तेवीस नंबरचा मतदार. "बाहेरच्यांच्या गर्दीनं आपण फसतो," ते म्हणाले. "दोन हजारांतले आपले किती ते कळलंच पाहिजे." नियम चुकीचा नव्हता. सरांचे नियम कधीच चुकीचे नसत, तीच तर अडचण होती.

जुलैत कोर्टानं नकाशा रद्द केला. सरांनी अंगणात झेंडा लावला. महिन्याभरात नवा नकाशा आला आणि तो जुन्याहून वाईट निघाला. आता रेघ मलबेरी स्ट्रीटच्या मधोमध गेली. सरांची बाजू तेवीसमध्ये, समोरची एकवीसमध्ये. चर्चची वेदी तेवीसमध्ये राहिली आणि मागचं स्वयंपाकघर एकवीसमध्ये गेलं. एकवीसमध्ये दुसऱ्याच एका आमदाराविरुद्ध कुणीही उभं नव्हतं. तिथे मतदान म्हणजे नुसती हजेरी.

नियमाप्रमाणे सरांनी समोरच्या बाजूची नावं ग्रुपमधून काढायला घेतली. पहिलं नाव डीकन स्पायव्हींचं होतं. डीकन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येऊन उभे राहिले, अलीकडे आले नाहीत.

"ब्रदर रास्को, पस्तीस वर्षं एका बाकावर बसतोय आपण!"

"बाक तेवीसमध्ये आहे, डीकन. तुम्ही एकवीसमध्ये आहात."

"मग मी रविवारी परदेशात येतो म्हणा की! पासपोर्ट आणू का?"

"माझा नाइलाज आहे हो. नियम सगळ्यांना सारखा."

"ग्रुपचं नाव कुणी सुचवलं होतं?" डीकन ओरडले, आणि आत जाऊन त्यांनी दार आपटलं. हा प्रश्न मात्र रास्त होता.

आणि मग चक्र फिरलं. निवडणूक कचेरीत कुणीतरी तक्रार केली, की तेवीस नंबरवाल्यांना शहाणपण शिकवणारे लेम्युएल रास्को स्वतः तेवीसमध्ये राहतच नाहीत. कुणी केली ते कळलं नाही. आमदारसाहेबांच्या माणसांनी, असं सर म्हणत. अर्नेस्टीन समोरच्या खिडकीकडे बघून नुसतं "हं" म्हणे.

ऑगस्टच्या अखेरीस चौकशीला ट्रुडी आली. ट्रुडी कचेरीत कारकून, आणि सरांची जुनी विद्यार्थिनी. नागरिकशास्त्रात सरांनी तिला दोनदा नापास केलं होतं. ती घरात आल्यावर अजूनही च्युइंगम गिळून टाकत असे. तिनं टेबलावर नकाशा मांडला आणि अगदी अवघडून सांगितलं, की रेघ नुसती रस्त्यानं जात नाही. कोपऱ्यावर ती वळते आणि जुन्या तंबाखूच्या रेल्वेलाइननं जाते.

"इथे कुठे रेल्वेलाइन?"

"होती, सर. रूळ काढून साठ वर्षं झाली. तुम्ही मागची नवी खोली बांधलीत ना, ती त्यावरच आहे."

मागची नवी खोली म्हणजे झोपायची खोली. स्वयंपाकघर, बैठक आणि जेवणाची खोली तेवीसमध्ये. झोपायची खोली आणि न्हाणीघर एकवीसमध्ये.

"मग मी कुठला?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता.

"घर दोन्हीकडे असलं तर माणूस झोपतो कुठे ते बघतात, सर. जिथे पलंग, तिथला मतदार." ट्रुडीनं मान खाली घातली. "मला विचारावं लागतं, सर. तुम्ही कुठे झोपता?"

एकतीस वर्षं प्रश्न विचारलेल्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर, नापास मुलीनं विचारलेला हा प्रश्न. सर उभे राहिले. "उद्या ये," ते म्हणाले. "उद्या मी तेवीसमध्ये झोपलेला असेन."

पाहुण्यांचा एकेरी पलंग माळ्यावरून काढून जेवणाच्या खोलीत आणताना सरांची पाठ धरली, कपाटातल्या तीन बशा फुटल्या. फुटलेल्या बशांपैकी एक लग्नातली होती. अर्नेस्टीन दारात उभी राहून बघत होती.

"तूही ये इकडे," सर म्हणाले. "मोठा पलंग बसवू कसातरी."

"आणि रात्री चार वेळा उठून मी न्हाणीघरात कुठून जाऊ? सगळं घर ओलांडून? शिवाय त्या काचेच्या कपाटासमोर मी नाही झोपणार. त्यात तुझ्या आईचा फोटो आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय एकटी झोपू नकोस."

"मग झोप ना माझ्याजवळ! कोण नको म्हणतंय? लेम्युएल, एका मतासाठी?"

"एकच तर असतं प्रत्येकाला, अर्नी. एकच. ते मी कुणाला रेघ मारून नेऊ देणार नाही. आणि हे सगळं कुणासाठी चाललंय? ते इस्पितळ कुणासाठी पाहिजे?"

ती चिडलेली नव्हती, पण हसलीही नाही. "माझ्यासाठी माझ्याजवळून उठून चाललास," ती म्हणाली. "बरं. नोव्हेंबरात परत ये."

सरांनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेली पितळी घंटा तिच्या उशाशी ठेवली. "काही वाटलं की वाजव." सबंध शाळा जिच्यामुळे तीस वर्षं वर्गात धावत आली ती घंटा. एक म्हातारा पलीकडच्या खोलीतून येणार नाही असं होईलच कसं.

दुसऱ्या दिवशी ट्रुडी येऊन पलंग बघून गेली, उशीसुद्धा दाबून पाहिली. आणि त्याच संध्याकाळी सरांच्या लक्षात आलं, की ग्रुपात आता एकवीस नंबरची एक बाई उरली आहे. आमदारसाहेबांची माणसं नजर ठेवून होती. डीकन पडद्याआडून बघत होते. नियम सगळ्यांना सारखा. सरांनी बोट उचललं, दोनदा खाली ठेवलं, आणि तिसऱ्यांदा दाबलं.

अर्नेस्टीनच्या फोनवर बारीक आवाज झाला. तिनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आणि मग ती अशी हसायला लागली की तिला खुर्ची धरून बसावं लागलं. "काढलंस मला! अरे देवा, बायकोला काढलं यानं!"

ग्रुपवाल्यांना मात्र हसू आलं नाही. 'मिस अर्नेस्टीन कुठे?' असे शेकडो प्रश्न आले. सरांनी नियम समजावून सांगितला, तो कुणी वाचला नाही. शनिवारी अर्नेस्टीननं आपला स्वतःचा ग्रुप काढला, 'अर्नीचं स्वयंपाकघर', आणि त्याला एकही नियम ठेवला नाही. तेवीसवाले गेले, एकवीसवाले गेले, डीकन तर पहिल्या मिनिटाला गेले. आठवड्याभरात सरांच्या ग्रुपात सर, डार्लीन, आणि लॉटरीवाले एवढेच उरले.

शेवटी एका सकाळी सर कॉफीचा कप हातात घेऊन, घसा साफ करून तिच्यासमोर उभे राहिले. "अर्नी, तुझ्या ग्रुपात डार्लीनबद्दल जरा..."

"सभासद झाल्याशिवाय बोलता येत नाही माझ्या ग्रुपात," ती म्हणाली. "अर्ज कर."

त्यांनी केला. तिनं तो संध्याकाळपर्यंत लटकवून ठेवला. पण पुढच्या शनिवारच्या पाककृतीत तिनं लिहिलं, "केक भट्टीत आहे. दार उघडायचं नाही. तेवढ्या वेळात तेवीस नंबरच्या तीन माणसांना फोन करा आणि डार्लीनचं नाव सांगा. एकवीसवाल्यांनो, तुमचेही नातेवाईक असतील तिकडे, लाजता काय?" आणि लोकांनी केले फोन. सरांच्या अकरा लेखांनी जे झालं नव्हतं ते दर शनिवारी होऊ लागलं. डार्लीनचे पाठीराखे वाढले, वर्तमानपत्रात नाव आलं, आमदारसाहेब बारा वर्षांत पहिल्यांदा टारबेलला येऊन भुट्टा खाऊन गेले. सर मनातून चिडत आणि मनातूनच खूश होत. रात्री ते जेवणाच्या खोलीतून हाक मारत, "अर्नी, झोपलीस?" आणि कान काढायच्या आधी तिचं उत्तर ऐकून घेत, "झोपलेय. उठवू नकोस." मग ते एकेरी पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपत. पाय थंड नसायचे, तरी नीट झोप येत नसे.

ऑक्टोबरच्या एका सकाळी सर जागे झाले ते कॉफीचा वास आला नाही म्हणून. उजाडलेलं होतं. त्यांनी कानांत यंत्रं घातली आणि घर ऐकलं. मग ते आतल्या खोलीत गेले. अर्नेस्टीन पलंगावर आडवी पडली होती, घामानं भिजलेली, ओठ निळसर. श्वास चालू होता. घंटा तिच्या मुठीत होती.

ती वाजवली होती की नुसती धरली होती, हे सरांनी विचारलं नाही. विचारायला वेळच नव्हता. रुग्णवाहिका आली. गाडी बंद इस्पितळाच्या दारावरून गेली. दाराला साखळी होती आणि आतल्या बाकांवर कुणीतरी प्लास्टिक घातलं होतं. मग हायवे लागला, तोच, ज्याच्याइतकाच रुंद मतदारसंघ. सर मागे तिची टाच हातात धरून बसले होते. नदीच्या पुलाच्या अलीकडे गाडीतल्या मुलीनं घड्याळात बघितलं आणि वेळ लिहून घेतली. टाच नेहमीसारखीच थंड होती, त्यामुळे सरांना तेव्हा काही कळलं नाही.

अंत्यविधीला समुद्रकाठचे लोक दोन तास गाडी चालवून आले. चर्चच्या स्वयंपाकघरात चाळीसएक पाउंड केक जमले आणि प्रत्येकात मधोमध उदास पट्टा होता. आयुष्यभर त्या पट्ट्याला नावं ठेवणाऱ्या बायकांनीसुद्धा मुद्दाम पाडून आणला होता. डीकन स्पायव्ही प्रार्थना करायला उभे राहिले आणि पहिल्यांदाच ती लहान झाली. नंतर ते सरांच्या शेजारी येऊन बसले. "ती तक्रार," ते म्हणाले, "मी केली होती. रागाच्या भरात. मला वाटलं, तुम्हालाही ग्रुपमधून काढतील, एवढंच."

सरांनी मान हलवली. "नियमात बसत होती तक्रार," ते म्हणाले.

त्या रात्री सर आतल्या पलंगावर झोपले, तिच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी कोट घालून निवडणूक कचेरीत गेले आणि ट्रुडीला सांगितलं, "मी एकवीसमध्ये झोपतो. तशी नोंद कर."

"सर, कुणी विचारलेलं नाही. दोन-तीन आठवडेच तर राहिलेत."

"तू विचारलं होतंस. उत्तर बदललंय."

घरी येऊन त्यांनी 'तेवीस नंबर' उघडला आणि नियमाप्रमाणे स्वतःला काढून टाकलं. डार्लीनचा फोन आला. "मिस्टर रास्को, तुमचं मत हवंय हो मला. एकेक मत हवंय." सर म्हणाले, "ठाऊक आहे, मीच शिकवत होतो ते."

मतदानाच्या दिवशी सरांना एकवीस नंबरची मतपत्रिका मिळाली. आमदाराच्या जागेसाठी एकच छापील नाव, आणि खाली एक रिकामी ओळ. सरांनी खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीवर फळ्यावरच्यासारख्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'अर्नेस्टीन रास्को'. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मत वाया घालवलं. बरं वाटलं नाही, पण दुसरं काही लिहिता आलं नसतं.

डार्लीन हरली. नकाशा काढणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. इतके फोन होऊनही काही हजारांनी हरली. आमदारसाहेबांनी जनतेचे आभार मानले. इस्पितळाच्या दाराला साखळी तशीच राहिली.

दोन दिवसांनी ट्रुडीचा फोन आला. ती कचेरीतून बोलत होती आणि सर्दी झाल्यासारखा तिचा आवाज येत होता.

"सर, एकवीस नंबरमध्ये हातानं लिहिलेली नावं मोजायचं काम चाललंय. आमच्याकडे अशी पाच-दहा येतात दर वेळी. या वेळी खोकं भरलंय."

"कुणाची नावं?"

"अर्नेस्टीन रास्को. अर्नी रास्को. मिस अर्नेस्टीन. नुसतंच अर्नी. काहींनी 'पाउंड केकवाल्या बाई' लिहिलंय. एकानं केकचं चित्र काढलंय, मधे पट्टा दाखवून. ते काम डीकन स्पायव्हींचं वाटतंय, पण मला तसं म्हणता येत नाही." ट्रुडीनं नाक ओढलं. "सर, ही सगळी एकच व्यक्ती धरायची का?"

"एकच," सर म्हणाले.

"आणखी एक रकाना भरायचाय. त्या नाहीत हे मला माहीत आहे, सर, पण रकाना रिकामा सोडला तर सगळी बाद होतील. राहणार कुठल्या, ते लिहायचंय. आणि घर दोन्हीकडे असलं तर..." तिनं च्युइंगम गिळलं. मग ती शाळेतल्यासारखी भराभर बोलली. "सर, त्या कुठे झोपायच्या?"

सर स्वयंपाकघरात उभे होते. ओट्यावर पितळी घंटा पालथी ठेवलेली होती.

"माझ्या उजव्या हाताला," ते म्हणाले. आणि मग, चुकीचं उत्तर त्यांनी आयुष्यात कधी लिहून दिलं नव्हतं म्हणून, पुढे म्हणाले, "ऑगस्टपर्यंत."